चार्ल्स्टनची जुनी घरे कशी टिकली : पार्श्वभूमी

साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहरात ब्रॉड स्ट्रीटच्या दक्षिणेला अमेरिकी यादवीपूर्वीची घरे आजही ओळीने उभी आहेत. त्यांचा पैसा भातमळ्यांतून, म्हणजे गुलामांच्या कष्टांतून आला. विटाही त्यांनीच पाडल्या. काहींवर बोटांचे ठसे अजून दिसतात. घरे टिकली ती मात्र गरिबीमुळे. १८६५मध्ये यादवी संपल्यावर शहराची रया गेली आणि जुने पाडून नवे बांधण्याची ऐपत फारशा कुणाची राहिली नाही.

इथले खास घर म्हणजे ‘सिंगल हाउस’. रस्त्याकडून पाहिले तर रुंदी जेमतेम एका खोलीची, बाकी सगळा विस्तार आत. दक्षिणेला किंवा पश्चिमेला मजल्यागणिक पडवी. तिला तिथे ‘पियाझा’ म्हणतात. रस्त्यावरचे दार याच पडवीत उघडते. मागच्या अंगणात स्वयंपाकघर आणि गुलामांच्या खोल्या असत. एकेन-रेट हाउस या इथल्या जुन्या घरात हा भाग बराचसा मूळ रूपात शिल्लक आहे. दिवाणखान्याआधी तोच पाहावा.

३१ ऑगस्ट १८८६च्या भूकंपाने भिंती फाटल्या. तेव्हा घरांमधून आरपार लोखंडी सळया घालून बाहेर चकत्या लावल्या आणि नट आवळले. त्या चकत्या अजून दिसतात. खाऱ्या हवेत सळई गंजली की फुगते आणि भोवतालची वीट फोडते.

१९२०मध्ये सुझन प्रिंगल फ्रॉस्ट यांनी जोसेफ मॅनिगॉल्ट हाउस हे जुने घर वाचवण्यासाठी संस्था उभी केली. १९३१मध्ये शहराने ऐतिहासिक विभाग ठरवून बाह्यरूपावर नजर ठेवणारे मंडळ नेमले. असा कायदा अमेरिकेत पहिलाच. पाडकाम रोखण्याचा अधिकार मात्र मंडळाला पुढे मिळाला. १९५०च्या दशकाअखेरीस शहरातल्या अ‍ॅन्सनबरो भागात फिरता निधी आला : पडके घर घ्यायचे, जपणुकीच्या अटी खरेदीखतात घालून विकायचे, आलेल्या पैशांत पुढचे घ्यायचे. वास्तू वाचल्या, पण तिथे भाड्याने राहणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना घरे सोडावी लागली. ही किंमत लहान नव्हती.

दुरुस्तीतली नेहमीची चूक म्हणजे सिमेंट. मऊ विटांच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, सिमेंटने भरल्या की ओल बाहेर पडायची वाट बंद होते. मग ती विटेतूनच बाहेर पडू लागते. क्षार आत साठतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. म्हणून दरजा विटेपेक्षा मऊ असलेल्या चुन्यानेच भरायच्या.