स्पर्ममधला आरएनए: 'अवशेष' हा शब्द कुठून आला

स्पर्म (शुक्राणू) तयार होताना पेशीतला बहुतेक सगळा ऐवज बाहेर टाकला जातो आणि डीएनए प्रोटॅमिन नावाच्या प्रथिनांभोवती इतका गच्च आवळला जातो की जीन वाचलेच जात नाहीत. त्यामुळे १९८०च्या दशकाच्या शेवटी त्यात आरएनए, म्हणजे जीन वाचला की बनणारी त्याची प्रत, सापडला तेव्हा त्याला लगेच नाव पडलं, 'अवशेष'. म्हणजे आधीच्या कामातून राहून गेलेलं काहीतरी.

या शब्दाने माझ्या मते बरीच वर्षं वाट अडवली. पण शंका घेणारे अगदीच चुकीचे नव्हते, कारण सॅम्पलमध्ये एखादी पांढरी रक्तपेशी राहिली तरी तिच्या एकटीत कितीतरी स्पर्मपेक्षा जास्त आरएनए असतो, मग मोजलं नक्की काय? म्हणून आधी सॅम्पल डिटर्जंटने धुवून बाकीच्या पेशी फोडायच्या आणि मग उरलेला आरएनए जेलवर, म्हणजे लांबीनुसार वेगळा करून, बघायचं. नेहमीच्या पेशीत रायबोसोमच्या (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या) आरएनएचे दोन ठळक पट्टे येतात, २८एस आणि १८एस. स्पर्ममध्ये तो आरएनए तुकडे झालेला असतो, त्यामुळे पट्टे दिसलेच नाहीत तर सॅम्पल स्वच्छ.

२००४ मध्ये माणसाचे स्पर्म हॅमस्टरच्या बीजांडात घालून बघितले, तर बापाकडचा आरएनए आत पोचलेला दिसला. २००६ मध्ये उंदराच्या फलित बीजांडात नुसता आरएनए टोचला तर पिल्लांच्या शेपटीचं टोक पांढरं झालं, जीन नॉर्मल असूनही! इथे 'अवशेष' म्हणणं अवघड झालं.

२०१५ मध्ये कारण न सापडलेल्या वंध्यत्वाच्या जोडप्यांत दिसलं की स्पर्ममधले ठराविक आरएनए नसतील तर साध्या उपचारांनी मूल होण्याची शक्यता कमी होते, आयव्हीएफमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही. २०१६ मध्ये उंदराच्या बापाच्या आहाराने स्पर्ममधले टी-आरएनएचे (प्रथिनं बनताना कच्चा माल आणून देणाऱ्या आरएनएचे) तुकडे बदलतात आणि पिल्लांच्या चयापचयावर परिणाम होतो हे आलं. हे तुकडे बरेचसे वृषणात बनत नाहीत, पुढे एपिडिडायमिसमधून (वृषणाला लागून असलेल्या, स्पर्म पक्व होतात त्या नळीतून) जाताना छोट्या पुटिकांमधून स्पर्मला मिळतात.

खरा वाद २०१८ चा आहे. एपिडिडायमिसच्या सुरुवातीच्या भागातले स्पर्म बीजांडात टोचले तर भ्रूण रुजल्यावर लवकरच बंद पडले, आणि शेवटच्या भागातले छोटे आरएनए दिल्यावर सावरले. नंतर दुसऱ्या टीम्सनी तसलेच स्पर्म वापरून धडधाकट पिल्लं मिळवली. तसलेच स्पर्म, तरी उत्तर उलटं, आणि फरक पद्धतीत आहे की आरएनएमध्ये यावर अजून एकमत झालेलं नाही. तोपर्यंत सीमेनच्या साध्या रिपोर्टमध्ये मुख्यतः काउंट, हालचाल आणि आकार येतो, आरएनएचा रकाना त्यात नाही.