वेशीपलीकडची हमी

कॉलवर समोरच्याचं वाक्य मध्येच तुटलं की आपण लगेच आपल्या इंटरनेट कंपनीला बोल लावतो. पुष्कळदा तिची चूक नसतेही. ते वाक्य वेगवेगळ्या मालकांच्या तीन-चार नेटवर्कमधून आलेलं असतं, आणि अख्ख्या प्रवासाची जबाबदारी त्यांतल्या कुणीच घेतलेली नसते.

इंटरनेट हे ७०,००० हून जास्त स्वतंत्र नेटवर्कचं मिळून बनलेलं आहे. त्यांच्यातला रस्ता ठरतो तो बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, म्हणजे बीजीपीने. १९८९ साली कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी त्याचा पहिला आराखडा चक्क कागदी नॅपकिनवर काढला होता. बीजीपीत प्रत्येक नेटवर्क शेजाऱ्याला निरोप देतं : अमुक पत्त्यांपर्यंत माझ्याकडून जाता येईल, वाटेत ही ही नेटवर्क लागतील. पोचायला किती वेळ लागेल, वाट किती तुंबली आहे, किती पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) गळतात, यातलं अक्षरही त्या निरोपात नसतं.

मग निवड होते कशावर? आधी व्यवहारावर. ग्राहक नेटवर्ककडून जाणारी वाट पैसे मिळवून देते, म्हणून ती सहसा पहिली. ज्या नेटवर्कला आपणच पैसे मोजतो त्याची वाट शेवटी. व्यवहार सारखाच असेल तर ज्या वाटेवर कमी नेटवर्क लागतात ती घेतली जाते. महासागर ओलांडणारं अवाढव्य नेटवर्क आणि एका इमारतीपुरतं नेटवर्क, मोजणीत दोन्ही एकेकच धरतात. त्यातही बरीच नेटवर्क परक्याचं पॅकेट जवळात जवळच्या वेशीवरून बाहेर काढून मोकळी होतात. या रीतीला ‘हॉट पोटॅटो राउटिंग’ म्हणतात. त्यामुळे जायची वाट एक आणि यायची दुसरीच, हेही नेहमीचंच.

आता एक पॅकेट जवळून पाहू. जी.७११ या जुन्या, सरळ पद्धतीच्या फोन कॉलमध्ये एका पॅकेटात साधारण २० मिलिसेकंदांचा आवाज भरतात : १६० बाइट आवाज आणि वर ४० बाइट पत्ते वगैरे. अशी सेकंदाला ५० पॅकेट निघतात. पत्त्याच्या भागात ६ बिटांची एक जागा असते. १९९८ सालच्या ‘डिफसर्व्ह’ मानकाने ती ‘मला कसं वागवा’ हे सांगण्यासाठी राखली. तिथे ४६, म्हणजे १०१११०, लिहिलेलं दिसलं की राउटर ते पॅकेट तुंबलेल्या रांगेतून पुढे काढतो. पॅकेट वेशीवर येतं, आणि पलीकडचा राउटर ते आकडे पुसून ०००००० करून टाकतो. तिथून पुढे तो आवाज एखाद्या अवजड फाइलच्या मागे मुकाट उभा राहतो.

हे बघून वाईट वाटतं, पण पलीकडच्याचंही चुकत नाही. शेजाऱ्याच्या शिक्क्यावर विश्वास ठेवला तर उद्या तो सगळ्याच पॅकेटांवर ४६ मारेल. रांगेत पुढे नेण्याचे वेगळे पैसे घेण्याची सर्वमान्य पद्धतही नाही. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. यंत्रांना काय करायचं ते कधीचं कळतं. मालकांमधला हिशेब मात्र जुळलेला नाही.

शिवाय त्रुटी साठत जातात. पाच नेटवर्कनी प्रत्येकी ९९.९ टक्के पॅकेट नीट पोचवली, तरी टोकाला ९९.५ टक्केच उरतात. संभाषण सहज वाटावं म्हणून एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ सुचवतो. प्रकाशाला काचतंतूतून १,००० किलोमीटर जायलाच ५ मिलिसेकंद लागतात. राहिलेला वेळ कोणी किती खर्चायचा, हे वाटून देणारं कुणी नाही.

प्रत्येक कॉलसाठी वाटेतल्या सगळ्या राउटरवर आधीच जागा राखायची, असाही एक प्रयत्न होता. १९९७ सालचं आरएसव्हीपी ते हेच. पण मोठ्या राउटरने एकेका कॉलची नोंद लक्षात ठेवायची म्हणजे लाखो नोंदी झाल्या, आणि नेटवर्कांच्या वेशींपलीकडे ते रुजलंच नाही.

त्यामुळे आज जो तो वेस टाळायला बघतो. व्हिडिओ पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्या आपले सर्व्हर थेट इंटरनेट पुरवठादाराच्या नेटवर्कमध्ये नेऊन ठेवतात. काही जण दोन पुरवठादारांच्या लाइन घेतात, दोन्ही वाटा सतत मोजतात आणि चांगली चालणारी वापरतात. २०१७ मध्ये शेजारी नेटवर्कांसाठी वाहतुकीच्या चार समान वर्गांची पद्धत लिहिली गेली, ज्यांना पटेल त्यांनी आपसांत ठरवून पाळावी म्हणून. मात्र तो करार दोघांपुरताच असतो, आणि कॉलच्या वाटेवर तिसरं नेटवर्क लागलं की त्याच्याशी बोलणी पुन्हा पहिल्यापासून.