दम्याच्या औषधचाचणीमागील माणसे

दम्यावरचे औषध, पंप (म्हणजे औषध श्वासावाटे ओढायचा इनहेलर) किंवा उपचारपद्धती रुग्णांवर ठरलेल्या नियमांनी तपासून पाहणे म्हणजे औषधचाचणी. दवाखान्यात तिला कुणी ‘ट्रायल’ म्हणते, कुणी ‘स्टडी’. निष्कर्ष छापून येतात तेव्हा वर डॉक्टरांची नावे असतात. समन्वयक, फुंकण्याच्या मशीनवरचा तंत्रज्ञ, चाचणी रुग्णांच्या हिताची आहे का हे तपासणाऱ्या नैतिकता समितीतला सामान्य नागरिक आणि मुख्य म्हणजे रुग्ण यांचा उल्लेख झालाच तर शेवटी आभाराच्या ओळीत होतो. प्रस्तुत नोंद प्रामुख्याने या दुसऱ्या मंडळींविषयी असून कोल्हापूरच्या परिस्थितीत त्यांचे काम कसे चालते ते तीत सांगितले आहे.

श्वास कोंडायला लागणारे सगळे सामान कोल्हापूर जिल्ह्यात आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळे सुरू होतात आणि चुलवाणात चिपाड जळू लागते. तोडणी झाली की शेतात पाचट पेटते. इचलकरंजीत यंत्रमागाची तूस, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत वाळूची धूळ, तर गगनबावडा-राधानगरीकडे पावसाळाभर भिंतींना ओल आणि बुरशी. मात्र यातून होणारा प्रत्येक आजार दमा नसतो. कापसाच्या धुळीने होणारा छातीचा आजार सुट्टीनंतर कामावर आल्या दिवशी जास्त आवळतो. फौंड्रीतल्या सिलिकाने फुफ्फुस कायमचे निबर होते. चुलीच्या किंवा विडीच्या धुरातून सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार होतो. हे सगळे रुग्ण ‘मला दमा हाय’ असेच सांगत येतात. त्यांच्यातून खरे दमेकरी निवडणे हे मुख्य संशोधकाचे पहिले काम. इथे चूक झाली की पुढचे सगळे आकडे वाया जातात.

मुख्य संशोधक बहुधा छातीविकारतज्ज्ञ असतो. शहरातील सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय किंवा कदमवाडीचे वैद्यकीय महाविद्यालय अशा ठिकाणी ओपीडी, विद्यार्थी आणि राउंड सांभाळूनच त्याला हे काम करावे लागते. कायद्याने आपल्या ठिकाणच्या चाचणीची जबाबदारी त्याची असते. एखाद्या रुग्णाला गंभीर त्रास झाला तर २४ तासांच्या आत औषध नियंत्रक, प्रायोजक (म्हणजे चाचणी करवून घेणारी कंपनी किंवा संस्था) आणि नैतिकता समिती या तिघांना कळवण्याचे बंधन ‘नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियम, २०१९’ या नियमांनी त्याच्यावर घातले आहे. पहिला रुग्ण घेण्याआधी चाचणीची नोंद भारतीय चाचणी नोंदवहीत करावी लागते. ही नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि २००९ च्या जूनपासून नोंद सक्तीची झाली.

दिवसभराचा गाडा ओढतो तो समन्वयक, म्हणजे सगळ्यांचा ‘कोऑर्डिनेटर’. हे काम करणाऱ्यांत फार्मसी, नर्सिंग किंवा आयुर्वेद शिकलेली तरुण मुले-मुली असतात. तारखेची आठवण करणे, एस.टी.चे तिकीट घेऊन प्रवासखर्च देणे, रिकामा पंप परत आणायला सांगणे, फ्रिजचे तापमान लिहिणे ही त्याची दिसणारी कामे. त्याचे खरे कसब भाषेत आहे. दम्याच्या चाचणीत रुग्णाला ठरावीक प्रश्नावली देतात. तिच्यात गेल्या चार आठवड्यांतल्या त्रासाबद्दल पाच प्रश्न असतात आणि २५ पैकी १९ किंवा त्याहून कमी गुण पडले तर दमा आटोक्यात नाही असे धरतात. आता उसाच्या फडातून आलेल्या माणसाला ‘दम लागतो का?’ विचारले तर तो हो म्हणणारच. दमणे, दम लागणे, धाप लागणे आणि दम कोंडणे हे त्याच्या लेखी चार वेगळे अनुभव आहेत आणि छापील मराठी प्रश्नाला ते वेगळे करता येतातच असे नाही. त्यात कोल्हापुरी बोलीतला ‘खरं’ हा ‘पण’च्या अर्थाने येतो. ‘औषध चालू हाय, खरं रातचं झोपंना’ हे वाक्य बाहेरगावच्या माणसाला अर्धेच कळते. प्रश्नाचे शब्द बदलायची समन्वयकाला मुभा नसते आणि उत्तर सुचवले तर नोंद बाद होते. त्याने प्रश्न पुन्हा, सावकाश वाचायचा आणि थांबायचे. असे थांबणे सगळ्यांना जमत नाही.

शेजारच्या खोलीत स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकण्याच्या मशीनवरची तपासणी चालते. रुग्ण ताठ बसलेला, नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. ‘मावशी, ओठ घट्ट. आता पूर्ण श्वास घ्या… हं, फुंका! फुंका, फुंका, फुंका, सोडू नका, अजून, अजून!’ तंत्रज्ञाचा हा गजर बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू येतो आणि पुढचा नंबर असलेला माणूस आधीच घाबरतो. पटकन फुंकून सोडून दिले तर चालत नाही. श्वास पूर्ण संपेपर्यंत बाहेर जात राहावा लागतो आणि असे तीन तरी नीट प्रयत्न हवेत. मग श्वासनलिका मोकळ्या करणारे साल्ब्युटामॉल देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांनी आणि २०० मिलिलिटरने वाढली तर दम्याच्या निदानाला बळकटी येते. तंत्रज्ञाने गजर अर्ध्या मनाने केला तर रुग्णही अर्ध्या मनाने फुंकतो, आणि औषध निकामी असल्याचा शिक्का बसू शकतो.

मशीनवर इतका भर का, याचे उत्तर २०११ साली छापून आलेल्या, बोस्टनमधल्या एका छोट्या अभ्यासात सापडते. ३९ दमेकऱ्यांना आळीपाळीने खरा पंप, औषध नसलेला पंप, लटके ॲक्युपंक्चर आणि काहीच नाही असे चार प्रकार देण्यात आले. फुंकण्याचा आकडा खऱ्या पंपाने सुमारे २० टक्के वाढला, बाकी तिन्हींत सुमारे ७ टक्केच. ‘बरं वाटलं’ असे सांगण्यात मात्र खरा पंप, खोटा पंप आणि लटक्या सुया जवळजवळ बरोबरीत राहिल्या. रुग्ण खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखरच बरे वाटले होते. त्यामुळे रुग्णाचा शब्द आणि यंत्राचा आकडा दोन्ही लिहून घ्यावे लागतात.

नैतिकता समितीत किमान सात सदस्य लागतात. किमान निम्मे संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा. एक कायदा जाणणारा, किमान एक स्त्री आणि एक सामान्य नागरिक. हा सामान्य नागरिक बैठकीत बहुतेकदा गप्प असतो, हे दुर्दैव आहे. संमतीपत्राचे मराठी गावातल्या माणसाला कळेल का, हे त्याच्याइतके चांगले कुणालाच सांगता येणार नाही. समिती ढिली पडली तर काय होते ते २००१ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दिसले. दम्यात श्वासनलिका कशा आवळतात हे पाहण्याच्या प्रयोगात हेक्सामेथोनियम हे द्रव्य श्वासावाटे ओढायला दिल्यानंतर एलन रोश ही २४ वर्षांची निरोगी स्वयंसेविका दगावली. ती तिथल्याच एका केंद्रात तंत्रज्ञ होती. या द्रव्याने फुफ्फुसाला इजा होते हे १९५० च्या दशकातल्या लेखांत छापून आले होते. ते शोधले गेले नव्हते.

रुग्ण चाचणीत कशासाठी येतो? मोफत तपासणी, मोफत पंप आणि डॉक्टरांना दाखवायला रांग नाही, हे प्रामाणिक उत्तर आहे. येताना दोन शंका सोबत असतात. पहिली, ‘पंपाची सवय लागती म्हणत्यात.’ दुसरी कागदाची. अंगठा उठवायचा म्हटले की शेतकऱ्याला सातबारा आठवतो आणि तो घरी विचारून येतो म्हणून जातो. त्याने तसे जाऊन विचारून येणे हा त्याचा हक्कच आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्याची संमती निःपक्षपाती साक्षीदारासमोर घ्यावी लागते, आणि संमती दिल्यावरही मधेच बाहेर पडायला त्याला कारण द्यावे लागत नाही.

घरी रोज सकाळ-संध्याकाळ पीक फ्लोमीटर या फुंकण्याचा जोर मोजणाऱ्या छोट्या साधनावर फुंकून डायरी भरायची असते. महिनाभराचे आकडे एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात दिसले की डायरी एस.टी.त बसून भरली हे समन्वयकाला कळते. हा आपल्याकडचाच दोष नव्हे. अमेरिकेत १९९२ साली छापल्या गेलेल्या एका अभ्यासात पंपाला गुपचूप नोंद ठेवणारे यंत्र लावले होते; फुफ्फुसविकाराच्या त्या चाचणीतले काही सहभागी ठरल्याप्रमाणे औषध न घेता एका बैठकीत पंप रिकामा करत असल्याचे त्यात उघड झाले. डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून माणसे असे करतात, असा माझा कयास आहे.

प्रायोजकाचा मॉनिटर अधूनमधून येऊन मूळ केसपेपर आणि भरलेले आकडे ताडून पाहतो. संख्याशास्त्रज्ञ बहुधा रुग्णाला कधी भेटतही नाही, पण चाचणीला किती माणसे लागतील हे तोच सुरुवातीला सांगतो. कोल्हापुरात त्याला ऋतूही धरावा लागतो. जूनमध्ये आत आलेला आणि डिसेंबरात गुऱ्हाळाशेजारी राहणारा यांची तुलना सरळ होत नाही, म्हणून तपासायचे औषध घेणारा आणि तुलनेसाठीचा असे दोन्ही गट एकाच हंगामात चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून भरतात.

शेवटच्या भेटीत रुग्ण हमखास विचारतो, ‘आता ह्यो पंप मिळायचा का न्हाई?’ नव्या औषधाचा फायदा झालेला असेल आणि दुसरा पर्याय नसेल, तर संशोधकाची शिफारस, समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती यांवर ते पुढेही फुकट देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. एरवी रुग्ण पुन्हा ओपीडीच्या रांगेत उभा राहतो. त्याच्या नावाऐवजी नंबर असलेली फाइल कपाटात जाते.