जांभळा स्केचपेन आणि 'दोन'चा अर्थ

२६ जून २०२४. विधान परिषदेच्या कोकण पदवीधर मतदारसंघाचं मतदान. रत्नागिरीतल्या एका केंद्राबाहेर छत्र्या मिटत-उघडत रांग सरकत होती. आत बटण नव्हतं, कागदी मतपत्रिका होती. तिच्यावर कमळ-पंजा काही नाही. नावं आणि नावांपुढे मोकळ्या चौकटी. केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केचपेननंच त्यांत १, २, ३ असे आकडे टाकायचे. माझ्या पुढच्या गृहस्थांनी हळूच विचारलं, "दुसरा नंबर दिला तर पहिल्याचं मत कमी होतं का हो?" बाहेर एका कार्यकर्त्यानं त्यांना बजावलं होतं: फक्त एक लिहा, बाकी कोरं ठेवा.

मत कमी होत नाही. मासळी बाजाराला पाठवताना मालवणी आई सांगते ना, "इसवण गावला तर इसवण हाड, नायतर बांगडे, ते पण नसले तर पेडवे," (इसवण म्हणजे सुरमई, गावला म्हणजे मिळाला) तसंच हे. बांगड्यांचं नाव घेतलं म्हणून इसवण हातची जात नाही. एका जागेच्या निवडणुकीत जिंकायला लागतात वैध मतांच्या निम्म्यापेक्षा एक जास्त, हा कोटा. तो कुणीच गाठला नाही तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या गठ्ठ्यातल्या मतपत्रिकांवरचा 'दोन' पाहिला जातो. तुमचा पहिला उमेदवार शर्यतीत असेपर्यंत तुमच्या 'दोन'कडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

ही कल्पना १८५० च्या दशकातली. डेन्मार्कमध्ये कार्ल आंद्रे आणि इंग्लंडमध्ये थॉमस हेअर यांनी ती स्वतंत्रपणे मांडली. आज वापरतात तो कोटा मात्र हेन्री ड्रूपचा, १८६८ चा. स्थानिक निवडणुकीत तिचा गाजलेला प्रयोग झाला तो आयर्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या स्लायगो या बंदरात, जानेवारी १९१९ मध्ये. नगरपालिका कर्जात बुडाली होती आणि कर भरणाऱ्यांना सभागृहात आपला आवाज हवा होता. पुढच्याच वर्षी आयर्लंडभरच्या स्थानिक निवडणुका याच पद्धतीनं झाल्या, आणि तिथं आजही होतात.

आपल्याकडे हा विषय संविधान सभेत आला. लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, असावं अशी सूचना होती. जानेवारी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, तेव्हा खेड्यातला मतदार त्यांना काही पुस्तकातून कळलेला नव्हता. या पद्धतीत मतदाराला निदान आकडे ओळखून मतपत्रिकेवर लिहिता आले पाहिजेत, आणि देशातली साक्षरता पाहता ते शक्य नाही, हा त्यांच्या अनेक मुद्द्यांपैकी एक. म्हणून सर्वसाधारण मतदाराला साधं मत मिळालं. पसंतीक्रम राहिला तो आकडे नक्की लिहू शकतील अशांसाठी: राष्ट्रपती निवडणारे आमदार-खासदार, राज्यसभेसाठी आमदार, आणि कलम १७१ प्रमाणे विधान परिषदेसाठी पदवीधर, शिक्षक व स्थानिक संस्थांचे सदस्य. महाराष्ट्राच्या ७८ जणांच्या परिषदेत पदवीधरांच्या ७, शिक्षकांच्या ७ आणि स्थानिक संस्थांच्या २२ जागा आहेत. गंमत अशी की नगरसेवक स्वतः साध्या बहुमतानं निवडून येतो आणि परिषदेच्या निवडणुकीत मात्र १, २ लिहून मत देतो.

'दोन'चं वजन देशानं पाहिलं ते १९६९ मध्ये, आणि त्यातही एक कोकणी माणूस होता. चिंतामणराव देशमुख, जन्म रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावचा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे. राष्ट्रपतिपदाच्या त्या लढतीत ते तिसरे आले. तिथं प्रत्येक आमदार-खासदाराच्या मताला ठरलेलं वजन असतं, ते मतमूल्य. पहिल्या पसंतीची मतमूल्यं अशी: व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५, संजीव रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. कोटा ४,१८,१६९. देशमुखांना जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचा पाठिंबा होता, त्यामुळे पुढच्या पसंतीच्या मोजणीत बराचसा ओघ रेड्डींकडे गेला आणि ते ४,०५,४२७ वर पोचले. गिरींना हवी होती जेमतेम १६,६५४, मिळाली १८,५६२. तेवढ्यावर राष्ट्रपती ठरला.

आता पुन्हा २०२४. कोकण पदवीधरमध्ये झालेल्या सुमारे १ लाख ४३ हजार मतांपैकी ११ हजारांवर मतं बाद झाली, म्हणजे शेकडा आठच्या आसपास. निकाल पहिल्या पसंतीतच लागला, निरंजन डावखरे सहज निवडून आले, त्यामुळे बाद मतांची चर्चा वाऱ्यावर गेली. पण हे सगळे मतदार पदवीधर! आकडा येत नाही असं यातल्या कुणाबद्दल म्हणणार? बरोबरची खूण केली, 'एक' असं अक्षरी लिहिलं, दोघांपुढे १ टाकला, खाली सही ठोकली, की मत बाद. मराठी १ चालतो, रोमन चालतो; अक्षर चालत नाही. एरवी बटण दाबायची सवय, ही निवडणूक सहा वर्षांतून एकदा, आणि दर वेळी मतदार यादीत नाव नव्यानं नोंदवायचं. हात वळणार कधी?

स्कॉटलंडला हा धडा २००७ मध्ये मिळाला. एकाच दिवशी स्थानिक मतपत्रिकेवर आकडे आणि तिथल्या संसदेच्या मतपत्रिकेवर फुल्या. गोंधळ झाला, पण गंमत म्हणजे तो फुल्यांच्या मतपत्रिकेवर जास्त झाला. आकड्यांच्या मतपत्रिकेवर बाद मतं दोन टक्क्यांहूनही कमी होती. नंतर स्थानिक निवडणुका वेगळ्या दिवशी ठेवल्या.

आपल्या केंद्राच्या भिंतीवरचा सूचनाफलक मी त्या दिवशी रांगेत उभ्याउभ्या दोनदा वाचला. पेन कुठला, आकडा कुठे, काय केलं तर मत बाद, सगळं होतं. 'दोन'चं पुढे काय होतं, याची एक ओळ नव्हती. पुढच्या गृहस्थांना मी इसवणाचं सांगितलं. ते हसले, आत गेले. किती आकडे टाकले ते त्यांचं त्यांना माहीत.