कानातले शहाणे बोळे

पुतणी दहा मीटरच्या एअर रायफलवरनं पॉईंट टू टू वर (.२२ ची, खऱ्या काडतुसाची रायफल) गेली आणि पहिल्याच आठवड्यात घरी येऊन म्हणाली, "काका, मी कानात घालायचं इलेक्ट्रॉनिकवालं बूच घेतो आता. त्यात सरांचं बोलणं ऐकू येतंय आणि गोळीच्या बाराचा आवाज आपोआप बंद होतोय बघा." (बाहेरच्या वाचकांसाठी : आमच्याकडच्या पोरी 'मी घेतो, मी जातो' असंच बोलतात, टायपिंग चुकलेलं नाही.) मोबाईलवर तिनं जाहिरात दाखवली. दाढीवाला गोरा शिकारी, मागं बर्फाचा डोंगर, कानात हिरवट इअरबड, आणि खाली किंमत, जी बघून मी चहाचा कप खाली ठेवला.

पण किमतीपेक्षा ते 'आपोआप बंद होतोय' मला खटकलं. कारण असं ते मशीन काही बंद करत नसतं, आणि दुकानात विचारलं तर दुकानदारही 'आपोआप बंद होतं' असंच सांगतो, आणि पोरं तेवढ्यावर विसंबून पैसे घालतात.

कोल्हापुरात हा विषय तसा घरचाच. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून रायफल मारायची) जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात गोल्ड मारलं, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ऑलिंपिकचं ब्राँझ आणलं, तेव्हापासनं तर प्रत्येक गल्लीत एक तरी पोरगं रायफलच्या नादाला लागलंय. दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर पोरांना सोडायला येणारे आईबाप जॅकेट, बूट, गोळ्यांचा खर्च यावर तासभर बोलतील, कानाचं नाव काढत नाहीत. शिकारीचा प्रश्न आपल्याकडं येतच नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, दाजीपूरच्या अभयारण्यात आता गवा बघायचा फक्त. तरी आजऱ्या-चंदगडकडं पीक राखायला परवान्याची बंदूक असलेली घरं आहेत, तेव्हा हे त्यांच्यासाठीही.

आता आवाजाचं बघू. आपल्याला मोठा आवाज म्हटलं की विसर्जनाचा डॉल्बी आठवतो, छाती धडधडते, खिडक्यांच्या काचा थरथरतात. बंदुकीचा बार तसा नसतो. तो इतका तोकडा असतो की मेंदूला त्याचा मोठेपणा नीट कळतच नाही, म्हणून 'एवढं काय नाही' असं वाटतं. डेसिबलचा हिशोब सरळ बेरजेचा नाही : दर २० डेसिबलला हवेचा दाब दहापट होतो. १४० डेसिबल म्हणजे २०० पास्कल, १६० म्हणजे २००० पास्कल. पॉईंट टू टू रायफल साधारण १४० च्या आसपास जाते, बारा बोअरची छऱ्याची बंदूक किंवा मोठं पिस्तूल १५० ते १६५ च्या घरात. आणि उघड्या कानाला अशा एका झटक्याची हद्द १४० धरतात. आपल्याकडच्या फटाक्यांचा नियमही याच मापात आहे, फुटल्या जागेपासनं चार मीटरवर १४५ च्या वर शिखर जायला नको. म्हणजे सुतळी बॉम्ब चार मीटरवर, आणि रायफलचं तोंड कानापासनं हातभर लांब. बरं, बंद शेडमध्ये, वर पत्रा असला की तोच आवाज भिंतींवरनं परत परत येतो ते वेगळंच.

पुतणीनं फोनच्या अ‍ॅपवर मोजून दाखवलं, "एकशे पाचच येतंय की!" फोनचा माईक एवढ्या दाबाला आधीच हात टेकतो, त्याच्यावरचं त्याला मोजता येत नाही. तो आकडा बाराचा नाही, माईकच्या ऐपतीचा आहे.

आतल्या कानात शंखासारख्या गुंडाळलेल्या नळीत पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. आवाज आला की त्यांच्या डोक्यावरचे बारीक केस हलतात, त्यातनं वीज तयार होते, ती मेंदूकडं जाते. उसाचा फड डोळ्यापुढं आणा. साधा वारा आला की पाती हलतात, जोराचा आला की ऊस लोळतो, दोन दिवसांनी त्यातला बराचसा परत मान वर काढतो. रेंजवरनं आल्यावर कानात कापूस घातल्यासारखं वाटतं आणि सकाळी बरं होतं, ते हे. पण काही ऊस बुडातनं मोडलेला असतो, तो उठत नाही. आणि इथं खोडवाही येत नाही, माणसात केसपेशी परत उगवत नाहीत. पक्ष्यांत उगवतात, म्हणजे आपण जिचा रस्सा करतो त्या कोंबडीलासुद्धा निसर्गानं ही सोय दिलीय आणि आपल्याला नाही, हे मला अजूनही पटत नाही.

कानाला स्वतःचं एक संरक्षण आहे तसं. मधल्या कानात रिकिबीच्या आकाराचं इवलंसं हाड असतं, त्याला धरून एक स्नायू, मोठा आवाज आला की तो आवळतो आणि आवाज आत कमी सोडतो. डॉल्बीला तो थोडाफार उपयोगी पडतो. बाराला नाही, कारण त्याला आवळायला सेकंदाचा शंभरावा-दहावा हिस्सा लागतो आणि बाराचं टोक हजाराव्या हिश्शाच्या आत येऊन गेलेलं असतं. चोर पळाल्यावर दार लावल्यासारखं.

माझंच सांगतो. एकोणीस-वीस वर्षांचा असताना चुलत मामांबरोबर रात्री शेतात गेलेलो, डुकरं हाकलायला त्यांनी हवेत बार काढला, मी त्यांच्या डाव्या हाताला, दोन पावलं पुढं, उगाचच. उजव्या कानात जी किर्र सुरू झाली ती अजून आहे, रात्री पंखा बंद केला की रातकिड्यासारखी. डॉक्टरांनी काढलेल्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी खळगा दिसतो, बाराच्या आवाजानं गेलेल्या कानाची ती खूणच. 'सात' म्हटलेलं 'हात' ऐकू येतं, बायकोला वाटतं मी लक्ष देत नाही. उजव्या खांद्यावर रायफल लावणाऱ्यांचा मात्र बहुतेक डावा कान आधी जातो, कारण डावा नळीच्या तोंडाकडं वळलेला असतो आणि उजव्याला डोक्याची आडोसावजा सावली मिळते.

आता त्या शहाण्या बोळ्यांकडं. इलेक्ट्रॉनिक इअरबड म्हणजे दोन वस्तू एकात असतात. एक साधं बूच, फोमचं नाहीतर सिलिकॉनचं, जे कानाची नळी बंद करतं. आणि त्याच्या पोटात बाहेरचा आवाज पकडणारा माईक, चिप, आणि आत ऐकवणारा चिमुकला स्पीकर. बूच सगळंच अडवतं, सरांचं बोलणं आणि बार दोन्ही. माईक-स्पीकर बोलणं परत आत आणून देतात, हवं तर मोठं करून. बार आला की चिप स्पीकरला म्हणते, गप. साधारण ८० ते ८५ डेसिबलच्या वर ती स्पीकरला जाऊ देत नाही. म्हणजे मशीन फक्त स्वतःचं तोंड बंद करतं, बाराला अडवतं ते बूचच. बूच ढिलं असेल तर चिप कितीही हुशार असो, बार फटीतनं आत येतो.

जाहिरातीत 'दीड मिलिसेकंदात प्रतिसाद' वगैरे मोठ्या अक्षरात असतं, त्यावर जास्त जीव टाकू नका. त्या चिमुकल्या स्पीकरला १४० डेसिबल काढताच येत नाहीत. बघायचं ते वेगळंच : बार झाल्यावर तो स्पीकर पूर्ण तोडतो का नुसता दाबतो. स्वस्तातले तोडतात, अर्धा-पाऊण सेकंद सगळं मुकं. एकट्यानं शेतात ठीक, पण रेंजवर शेजारी दहा जण मारतायत, दर क्षणाला कुणाचा तरी बार, मग आवाज असा तुटत तुटत येतो जसा घाटात फोन, आणि नेमकं 'स्टॉप' त्या तुटीत गेलं तर? दाबणारे थोडे महाग असतात पण त्यात बोलणं सलग राहतं. दोन्ही कानांना वेगवेगळा माईक हवाच, नाहीतर आवाज कुठल्या बाजूनं आला ते कळत नाही. आणि शांततेत 'सूंऽऽ' असा स्वतःचा आवाज किती करतो तेही ऐकून बघा, निम्म्या तासात डोकं उठतं त्यानं. पावसाळ्याच्या वाऱ्यात माईकवर होणारी फडफड तर विचारूच नका.

बुचाची ताकद, म्हणजे ते किती डेसिबल अडवतं ते, डब्यावर एनआरआर नाहीतर एसएनआर म्हणून छापलेली असते. पहिलं अमेरिकेचं, दुसरं युरोपचं, दोन्हींची तुलना सरळ करायची नाही, त्याच वस्तूचा एसएनआर सहसा थोडा मोठा दिसतो. हे आकडे प्रयोगशाळेतले, तिथं शिकवून, बघून घातलेले असतात. घरी आपण घालतो तेव्हा बरंच गळतं. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्याच्या संस्थेनं तर १९९८ साली सांगितलं होतं की छापील आकड्यातनं मफला (हेडफोनसारख्या, अख्खा कान झाकणाऱ्या वाट्या) पाव भाग कापा, फोमच्या बुचाला अर्धा, आणि इतर बुचांना ७० टक्के. म्हणजे ३० लिहिलेलं फोमचं बूच खऱ्यात १५ च धरा. १५५ च्या बाराला १५ वजा केले तर १४०, काठावरच. एअर रायफलच्या 'टक' आवाजाला काळजी नाही, तिथं बोळे लक्ष लागायला घालतात. पण बारा बोअरला आणि बंद शेडला मी तर बूच आणि वर मफ, दोन्ही घाला म्हणेन. दोन्हींची बेरीज होत नाही हां, मोठ्या आकड्यावर पाचेक डेसिबलच वाढतात, कारण चाळीस-पन्नासच्या पलीकडं आवाज कवटीच्या हाडातनंच आत शिरतो.

मग नुसता मफ का नको? पिस्तुलवाल्यांना मफ झकास. रायफलला गाल कुंद्याला टेकवला की मफची कड सरकते, चष्म्याची काडी मध्ये आली की फट पडते, आणि मे महिन्यात आतनं घामाची धार लागते. तिथं इअरबड सोयीचा.

फिटिंग बघायचं ते असं. फोम बोटांत लांब बारीक वळायचा, सुरकुती न पाडता. डोक्यावरनं दुसरा हात नेऊन कानाची पाळी वर-मागं ओढायची, नळी सरळ होते, आणि आत सरकवून वीस-तीस सेकंद बोट लावून धरायचं, फुगेपर्यंत. मग 'एक दोन तीन' म्हणायचं. स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमला तर बसलं. पुतणीचं पहिल्यांदा घुमलंच नाही. मोठी टिप (बडच्या टोकाला बसवायचं बूच) लावलेली, कारण डब्यात तीच आधीच बसवून आली होती. बारीक लावली, उजवा घुमला, डावा नाही. डाव्याला मधली लागली. दोन कान दोन मापाचे असणं अगदी साधी गोष्ट आहे, पण डब्यावर कुणी लिहीत नाही.

आमच्याकडं अजून एक अडचण, जी त्या बर्फातल्या दाढीवाल्याला कधी सुचणार नाही. पैलवानाचे कान. तालमीत मोडलेले, गाठी आलेले कान असले की पाळीच्या खळग्यात बसणारा इअरबड टिकतच नाही, तिथं खळगाच उरलेला नसतो. आमच्या गल्लीतल्या एका वस्तादांनी हौसेनं घालून बघितला आणि तो टुणकन् चहात पडला. अशांना नळीत शिरणारं साधं फोम, नाहीतर मोठ्या वाटीचा मफ, नाहीतर कानाचा साचा घेऊन करून घेतलेलं बूच.

गाणी ऐकायचे नॉईज कॅन्सलिंग बड चालतील का, हे हमखास विचारतात. नाही. ते समोरच्या लाटेची उलटी लाट तयार करून आवाज मारतात, पण ते जमतं बस-विमानाच्या सलग घुरघुरीला, अचानक आलेल्या बाराला नाही. कापसाचे बोळे तर नसल्यातच जमा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं मी शेवटी सांगतोय, पुतणीलाही शेवटीच सांगितलं आणि शिव्या खाल्ल्या. आयएसएसएफच्या (नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमात कान झाकायचा आग्रह आहे, पण आवाज कमी करणारंच साधन चालतं, रिसीव्हर असलेलं खेळाडूला चालत नाही, का ते उघड आहे, बाहेरनं कुणी कानात सांगायला नको. म्हणजे स्पर्धेत ते इलेक्ट्रॉनिकवालं बड बाद. मग सराव एकावर आणि मॅच दुसऱ्यावर कशाला? आपलाच श्वास, आपलीच धडधड वेगळी ऐकू येते, त्यानं लय बिघडते.

तिनं थोडा वेळ तोंड फुगवलं. मग दहा-वीस रुपयांचे फोमचे बोळे घेतले दोन मापांचे, वर साधा पातळ मफ, आणि म्हणाली, "मग ते महागातलं तुम्हीच घ्या काका, तुम्हाला काकू काय म्हणतात ते तरी ऐकू येईल." बोळे ती बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या घालून डबीत ठेवते. जून ते सप्टेंबर इथल्या दमट हवेत ओले फोम कानात घातले की बुरशी धरते, एकदा खाज सुटली की महिनाभर थेंब घालत बसायचं, आणि तेवढे दिवस रेंज बंद.