शनिवारवाड्यात ‘काहीच’ का उरले नाही?

शनिवारवाडा पाहून बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘आत तर काहीच नाही!’ दिल्ली दरवाजाचे ते अणकुचीदार खिळे पाहून माणूस मोठ्या अपेक्षेने आत शिरतो आणि समोर दिसतात ती हिरवळ, दगडी जोती आणि कोरडे हौद. हे वाक्य ऐकले की मला वाईट वाटते. त्या रिकामेपणामागे मोठी कहाणी आहे, आणि ती मुख्यतः लाकडाची आहे.

थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी वाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. खर्च आला १६,११० रुपये. सागवान जुन्नरच्या जंगलातून आले, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीहून. छत्रपतींची गादी साताऱ्याला होती, हा वाडा त्यांच्या पेशव्याचा. पण पुढे नानासाहेबांच्या काळात तट-बुरूज उभे राहिले, महाल आणि चौक वाढत गेले आणि मराठी राज्याचा कारभार इथूनच हाकला जाऊ लागला.

वाडा बांधण्याची आपली रीत इथे लक्षात घ्यायला हवी. खाली घडीव दगडाचे जोते. त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांचे छत. मजल्यांचा बराचसा भार या लाकडी सांगाड्यावर, विटांच्या भिंती त्याच्या आधाराने उभ्या. असा सांगाडा नीट राखला तर पिढ्यानपिढ्या टिकतो. वाळवी लागू द्यायची नाही, लाकडाला तेलपाणी करायचे, पावसाळ्याआधी छप्पर तपासायचे. वाळवी आणि पाऊस यांच्याशी झुंजणे आपल्या सुतार-गवंड्यांना पुरेपूर ठाऊक होते. आगीपुढे मात्र इलाज नव्हता. तुळई जळाली की मजला खाली येई आणि भिंतीही बसत.

पाण्याची वाण होती असे नाही. नानासाहेबांनीच कात्रजहून नळ आणला होता. जमिनीखालचा तो बांधीव नळ, त्यावर जागोजागी उसासे, म्हणजे हवा जाण्यासाठी ठेवलेले झरोके, आणि वाटेत हौद, अशा सोयीने पाणी केवळ उताराच्या बळावर शहरात येई. हे काम आजही पाहावे आणि थक्क व्हावे असे आहे. पण उताराने आलेले पाणी हौदात थांबते. वरच्या मजल्यावर पेट घेतला तर ते घागरींनीच चढवायचे, आणि सागवानी महाल तेवढा वेळ देत नाही.

१७९१ मध्ये, सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, मोठी आग लागली. मग दुसऱ्या बाजीरावांच्या काळात १८०८, १८१२ आणि १८१३ अशा आगी लागत गेल्या. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. ज्या वास्तूत पेशव्यांचा दरबार भरे, तिथे पुढे तुरुंग आणि इस्पितळ आले. शेवटी फेब्रुवारी १८२८ मध्ये लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली आणि उरलेसुरले महाल घेऊन गेली.

त्यानंतर जवळजवळ शतकभर वाडा मातीखालीच होता म्हणायला हरकत नाही. १९१९ मध्ये तो संरक्षित स्मारक ठरला. मग उत्खनन झाले, १९२३ पर्यंत माती हटली आणि जोती, हौद, कारंजी उजेडात आली. सोळा पाकळ्यांच्या कमळाचे हजारी कारंजे आज दिसते ते या खोदकामामुळे. जे जळू शकत होते ते सगळे गेले होते, आपल्यापर्यंत पोहोचला तो दगड.

पेशवाईतले लाकूडकाम कसे होते, हे पाहायचे तर शनिवारवाड्यापासून चालत विश्रामबागवाड्यात जावे. तो दुसऱ्या बाजीरावांनी बांधला. १८७९ च्या मे महिन्यात तोही पेटला, त्याच वेळी बुधवारवाडा तर पार गेला. ही आग लावल्याचा संशय इंग्रजांना क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांवर आला होता. पण विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग वाचला, आणि जळालेला भाग पुणेकरांनी वर्गणी काढून पुन्हा उभा केला. तिथल्या सुरूच्या झाडाच्या आकारात कोरलेल्या खांबांवरून एकदा हात फिरवावा, आणि मग परत येऊन शनिवारवाड्यातल्या कुठल्याही जोत्याजवळ उभे राहावे. खांब कुठे होते, कडीपाट किती उंचीवर असेल, हे डोळ्यांसमोर आपोआप येऊ लागते.