लाट जागची हलत नाही

रत्नदुर्गाच्या कड्यावर दुपारी साडेतीन-चारला गेलात तर घारी पंख न हलवता हवेत टांगल्यासारख्या दिसतील. पांढऱ्या डोक्याच्या, विटकरी पाठीच्या, म्हणजे ब्राह्मणी घारी. दुपारचा खारा वारा समुद्रावरून येतो, कड्यावर आपटतो आणि पुढे वाट नाही म्हणून वर चढतो. घारीला तेवढं पुरतं. डिसेंबरात माझा भाचा त्यांच्याकडे बराच वेळ बघत बसला होता. मग म्हणाला, "मामा, ही डोंगराच्या पुढ्यातली हवा. खरी मजा डोंगराच्या मागे असते."

भाचा हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर शिकला. आता नोकरीला स्कॉटलंडमध्ये आहे आणि सुट्टी मिळाली की अबॉइनच्या धावपट्टीवर पडीक असतो. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. शांत हवेत ते सतत खालीच येत असतं, पण अगदी सावकाश. चांगलं ग्लायडर एक किलोमीटर उंची खर्चून ४० किलोमीटर जातं. आंबा घाटाच्या डोक्यावर आणखी किलोमीटरभर उंचावरून सोडलं तर पाली गाठायला हरकत नाही. त्यामुळे सगळा खेळ एकच: आपण जेवढ्या वेगाने खाली येतो, त्याहून वेगाने वर जाणारी हवा शोधायची.

डोंगराच्या मागे तर हवा खाली उतरणार. मग तिथे वर काय जातं? हे मला फोनवर कधीच नीट कळलं नव्हतं. शेवटी भाच्याने घरामागच्या पऱ्यावर नेलं. घोटाभर पाणी, त्यात एक बुडालेला दगड. दगडावरून पाणी घसरतं आणि पुढे त्याची पाठ उचलली जाते, मग परत बसते, परत उचलते. वरून जांभळाचं पान आलं. फुगवट्यावर चढलं, उतरलं, निघून गेलं. फुगवटा मात्र जिथल्या तिथे. समुद्राची लाट पुढे सरकते आणि पाणी साधारण जागच्या जागी वरखाली होतं. इथे उलट, पाणी वाहून जातं आणि लाट थांबून राहते.

हवेचंही असंच होतं, फक्त त्यासाठी हवा स्थिर लागते. स्थिर म्हणजे वारा नसलेली नव्हे. वर ढकललेली हवा थंड होते, आजूबाजूच्या हवेपेक्षा जड होते आणि खाली येते. जोरात आल्यामुळे गरजेपेक्षा जास्त खाली जाते, मग पुन्हा वर. धक्क्याला बांधलेली रिकामी होडी हाताने दाबून सोडली की डुचमळते, तसंच. हवेच्या एका हेलकाव्याला साधारण दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा ६ किलोमीटर पुढे जातो. म्हणजे डोंगरामागे दर सहा किलोमीटरवर एक फुगवटा, एकामागे एक.

लाटेचा दिवस कसा असतो, ते त्याच्याच शब्दांत ऐकण्यासारखं आहे. पश्चिमेचा वारा केर्नगॉर्मचे डोंगर ओलांडून येतो. छोटं विमान दोरीने ग्लायडर वर ओढून नेतं. लाटेच्या पोटाखाली हवेचे भोवरे असतात; तिथे पट्टे आवळलेले नसले तर डोकं छताला आपटतं. दोरी सोडली, आणखी थोडं वर गेलं की एकाएकी सगळं गुळगुळीत. नाक वाऱ्याकडे धरायचं. वारा ताशी ९० किलोमीटर आणि आपणही ताशी ९०, म्हणजे खालचं गाव तसूभर सरकत नाही. पऱ्यातले बारके मासे प्रवाहाकडे तोंड करून जागा धरतात ना, ते हेच. उंचीचा काटा चढत राहतो, पाय गारठतात, नाकाला ऑक्सिजन लावावा लागतो. डोक्यावर मसुराच्या आकाराचा ढग, तोही वाऱ्यात हलत नाही. चढणाऱ्या बाजूने तो घडत असतो आणि उतरणाऱ्या बाजूने विरत असतो. (लॅटिनमध्ये मसुराला 'लेन्स' म्हणतात, चष्म्याच्या काचेला नाव मिळालं ते त्यावरूनच.)

ग्लायडरवाल्यांना ही लाट सापडली १९३३ साली, तेव्हाच्या जर्मनीतल्या सायलेशियाच्या डोंगरांत, वोल्फ हिर्थ आणि हान्स डॉइचमान यांच्या उड्डाणांत. तिथला हा ढग गावकऱ्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. गोटलिब मोट्झ नावाच्या शेतकऱ्यावरून त्याला 'मोआत्सागोटल' म्हणत. लाट किती वर नेऊ शकते? २ सप्टेंबर २०१८ रोजी अर्जेंटिनात, अँडीजच्या लाटेवर 'पर्लान २' हे ग्लायडर ७६ हजार फुटांवर गेलं. म्हणजे २३ किलोमीटर, जिथे हवेचा दाब इथल्या चार टक्केही नसतो.

साहजिकच मी विचारलं, आपला सह्याद्री काय कमी आहे? सरळ रेषेत ५० किलोमीटरवर, हजार मीटरची भिंत. लाटा तिथेही उठतात. मुंबई-पुणे पट्ट्यातल्या अशा लाटांचं गणित हवामान खात्याचे आर. पी. सरकार यांनी १९६०च्या दशकात मांडलं होतं. अडचण वाऱ्याच्या स्वभावात आहे. लाट उंच चढायला वर जाल तसा वारा त्याच दिशेने आणि अधिक जोराने वाहायला हवा. आपल्याकडे हिवाळ्यात खाली घाटावरून कोकणात उतरणारा पूर्वेचा वारा असतो आणि काही किलोमीटर वर पश्चिमेचा. पावसाळ्यात खाली पश्चिमेचा, वर पूर्वेचा. दोन्ही ऋतूंत मधे कुठेतरी वारा तोंड फिरवतो. ज्या थरात डोंगराच्या आडवा वाराच उरत नाही, तिथे थांबलेल्या लाटेची शक्ती जिरून जाते. स्कॉटलंडमध्ये हवेला वरपर्यंत जिना आहे, आपल्याकडे पहिल्या मजल्यावर स्लॅब टाकलेला. मला हे ऐकून थोडं वाईटच वाटलं.

भाचा निघायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा कड्यावर गेलो. दीपगृहाच्या बाजूला एकच घार होती, आमच्या डोळ्यांच्या उंचीवर, शेपटीने तोल सावरत. सूर्य टेकला, वारा पडत गेला. घार हळूहळू कड्याच्या काठाखाली उतरली, अन् मग तासाभरात पहिल्यांदा तिने पंख मारले.